सव्वा युनिट

शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी काठोकाठ भरली की तिच्यात वीज मावते सव्वा युनिट. नेमकं सांगायचं तर १२.८ व्होल्ट गुणिले १००, म्हणजे १२८० वॅट-अवर. दुकानदार हा दुसरा आकडा सांगतात, कारण हजाराच्या वर गेलेली कुठलीही संख्या गिऱ्हाइकाला भरघोस वाटते. पण हजार वॅट-अवरचं एक युनिट होतं आणि घरच्या बिलात त्या सव्वा युनिटाचे फार तर दहा-पंधरा रुपये लागतात. एवढी वीज ठेवायला जो डबा घ्यायचा, तो पंचवीस-तीस हजारांच्या घरात. चहापेक्षा किटली गरम असलेली आपण ठिकठिकाणी पाहतो. चहापेक्षा किटली दोन हजार पटींनी महाग, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तरी घ्यायची ठरली होती. भोर तालुक्यात डोंगराच्या पोटाशी आमची एक खोली आहे. तिला फार्महाउस म्हणणारे नातेवाईक तिथे एकदाच येतात. विजेचा शेवटचा खांब वस्तीपाशी थांबतो आणि तिथून आमचा बांध चांगला लांब. खांब रोवत वीज आणायची तर तेवढ्या पैशांत खोली पुन्हा बांधून होईल. शिवाय तंबू घेऊन भंडारदऱ्याला, नाहीतर पवनेच्या काठी जायची सगळ्यांना हौस. तेव्हा वीज हवी, पण ती गाडीच्या डिकीत बसणारी हवी, असा एकंदर मामला होता.

असा बेत घरात नुसता उच्चारला तरी सल्ले सुरू होतात. काकांचा सल्ला पहिला आला. ते म्हणाले, "अरे, गाडीची जुनी बॅटरी पडलीय ना? तीच ने. बॅटरी ती बॅटरी."

बॅटरी ती बॅटरी नव्हे, हे काकांना पटवायला मला एक संध्याकाळ लागली. गाडीच्या बॅटरीचं आयुष्यभराचं काम दोन-तीन सेकंदांचं. चावी फिरवली की तिने दोनशे-तीनशे अँपिअरचा एक जोरदार हिसका द्यायचा, इंजिन सुरू झालं की बाजूला व्हायचं. झालेला खर्च अल्टरनेटर भरून देतो. त्यासाठी तिच्या शिशाच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ ठेवलेल्या असतात. तिच्यावर रात्रभर पंखा चालवून ती तळापर्यंत रिकामी केली आणि असं काही वेळा केलं, की ती जी बसते ती उठत नाही. रोज बरीचशी उपसून पुन्हा भरायची ती डीप सायकल बॅटरी, तिची घडणच वेगळी. गाडीची बॅटरी हा शंभर मीटर धावणारा गडी आणि ही आळंदीहून पंढरपूरला निघालेली वारकरीण. तिला घाई नाही, पण रोज ठरलेला मुक्काम गाठायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं, याला तिची ना नसते. वारकरी म्हटल्यावर काका जरा नरमले. पण लगेच म्हणाले, "मग ट्यूब्युलर घे."

याला मात्र उडवून लावणं सोपं नव्हतं. भारनियमनाच्या काळात ज्यांनी महाराष्ट्रात संसार केला, त्या पिढीची इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीवर श्रद्धा आहे, आणि ती अस्थानी नाही. पेपरात वीज जाण्याचं वेळापत्रक छापून यायचं आणि लोक त्याप्रमाणे दळण, इस्त्री आणि पाहुणे लावून घ्यायचे. तेव्हा जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात ही काळी पेटी बसली ती बसलीच. तिची उस्तवार काकांनी सणवारासारखी केली. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या काड्या पाहायच्या, खाली गेल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवायची, वर पेट्रोलियम जेली चोपडायची. इन्व्हर्टरवाला आला की त्याला "ग्रॅव्हिटी बघ रे" म्हणायचं. तो काचेच्या नळीत ॲसिड ओढून घ्यायचा, आतला काटा १२५० च्या आसपास तरंगला की दोघंही मान डोलवायचे. काकांच्या एका पायजम्याला गुडघ्यापाशी बारीक भोकांची चाळण आहे. ॲसिडचे थेंब ज्या दिवशी उडाले त्या दिवशी काही दिसलं नाही. धुऊन वाळत घातल्यावर त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. तो पायजमा काका अजून वापरतात.

शिशाची ही बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने केली. म्हणजे १८५७ च्या उठावानंतर दोनच वर्षांनी. इतक्या जुन्या वस्तूला नावं ठेवायची तर हिशेबाने ठेवावीत. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर ॲसिडसकट पन्नास-पंचावन्न किलोंच्या पुढे भरते. म्हणजे तिला तंबूत न्यायचं तर आधी दोन माणसं न्यावी लागतात आणि मग त्यांच्या जेवणाचं पाहावं लागतं. ती अर्ध्याखाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणून दीडशेतले पंचाहत्तरच आपले समजायचे. त्यात तिच्यावर छापलेला आकडा 'सी-२०' चा असतो. वीस तासांत सावकाश काढून घ्याल तर दीडशे मिळतील, असा त्याचा अर्थ. घाईने, तीन तासांत काढायला गेलात, तर ती हात आखडते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये याचं गणित मांडून ठेवलंय. सव्वाशे वर्षांत इन्व्हर्टर घेणाऱ्या कुणाला ते सांगितलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीला यातलं फारसं काही लागू नाही. तीच ती एलएफपी. लिथियम, लोह आणि फॉस्फेट. शंभर अँपिअर-अवरची पेटी बारा-तेरा किलोंची, एका हातात उचलता येते. ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी कुरकुर नाही. पाणी घालायचं नाही, वास नाही, पायजमा शाबूत. "लिथियम म्हणजे स्कूटर पेटतात ती?" हा प्रश्न आईचा. रास्त होता. लिथियमच्या बॅटऱ्यांत पोटजाती आहेत. फोनमध्ये आणि पुष्कळ गाड्यांमध्ये कोबाल्ट, निकेल घातलेली रसायनं असतात. थोड्या वजनात जास्त वीज ठेवतात, पण तापली तर स्वतःतलाच ऑक्सिजन सोडून आगीला मदत करतात. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजनचं बंधन इतकं घट्ट की ऑक्सिजन सहजी सुटत नाही. त्यामुळे ती जरा जड, जरा मठ्ठ, पण घरात ठेवण्याजोगी. आईला यातलं "घरात ठेवण्याजोगी" एवढं ऐकायचं होतं.

या रसायनाची जन्मकथा मला बॅटरीपेक्षा जास्त आवडली. टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. १९९७ मध्ये छापलेल्या मूळ शोधनिबंधावर तीन नावं आहेत, त्यांतली पहिली दोन आपल्याकडची: पाढी आणि नंजुंदस्वामी. तिसरं गुडइनफ यांचं. निबंध आला तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. फोनच्या बॅटरीला लागणारं कोबाल्टचं रसायन त्यांनी त्याआधी ऑक्सफर्डला, १९८० मध्ये, सत्तावन्न वर्षांचे असताना दिलं होतं. नोबेल मिळालं २०१९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी. इतक्या वयात ते आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. आमचे मेव्हणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हापासून "आता काय नवीन शिकायचं" म्हणून फोनवरून पैसे पाठवायलाही शिकलेले नाहीत. त्यांना मी ही हकिकत मुद्दाम सांगितली. ते म्हणाले, "त्यांना पेन्शन नसेल."

आणखी एक गंमत. या रसायनाच्या स्फटिकाची रचना ऑलिव्हिन या खनिजाच्या घराण्यातली आहे, आणि ऑलिव्हिन आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातही कुठेकुठे सापडतं. म्हणजे रायरेश्वरावर बसून जिच्यावर चहा करायचा, ती बॅटरी त्या डोंगराच्या लांबच्या नात्यातली निघते. याचा व्यवहारात उपयोग शून्य, पण दुकानात तीस हजार मोजताना बरं वाटतं.

तर रसायन ठरलं. आता किती मोठी घ्यायची? इथे मी काकांना पुन्हा विचारलं आणि त्यांनी अपेक्षित उत्तर दिलं, "अंथरूण पाहून पाय पसरावे." म्हण ठीक आहे. पण जो माणूस अंथरूणच विकत घ्यायला निघालाय त्याने काय पाहावं, हे तिच्यात नाही. त्याला आधी पाय मोजावे लागतात, आणि घरातल्या सगळ्यांचे.

म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर कागद घेतला आणि प्रत्येकाला खोलीवर काय चालवायचंय ते विचारलं. खांबावरून येणाऱ्या विजेने आपल्याला या बाबतीत किती अडाणी ठेवलंय, ते त्या रात्री कळलं. घरात कुठली वस्तू किती वीज खाते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचा अंदाज आवाजावर बेतलेला. मिक्सर घरभर किंचाळतो म्हणजे तो खादाड, असा समज. आई तर म्हणाली, "मिक्सर राहू दे बाई, पाटा आहे तिकडे." प्रत्यक्षात साडेसातशे वॅटचा मिक्सर तीन मिनिटं फिरवून चटणी झाली तर गेले सदतीस-अडतीस वॅट-अवर. आणि कोपऱ्यात एक शब्द न बोलता हिरवा डोळा मिचकावणारं वायफायचं खोकं दहा वॅटनेच जेवतं, पण चोवीस तास जेवतं. त्याचे २४० होतात. चटण्या सहा होतील तेवढ्यात.

नवीन बीएलडीसी पंखा तीस वॅटचा, जुना पंचाहत्तरचा. तीसवाला आठ तास चालला तरी २४०. डासांचं लिक्विड रात्रभर लावलं तर पन्नास. फोन एकदा भरायला पंधरा. ही सगळी मंडळी गरीब. उष्णतेशी गाठ पडली की मात्र हिशेब अंगावर येतो. बायकोने विजेच्या किटलीची मागणी ठेवली. घरच्यांपुरता लिटरभर चहा उकळायचा तर शंभर वॅट-अवर. तेवढ्यात सहा फोन भरून होतात. आणि बादलीभर पाणी वीस अंशांवरून चाळीसवर न्यायचं तर साडेचारशेच्या वर. म्हणजे एका माणसाची आंघोळ झाली की एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी मोरीतून वाहून गेली. रॉडचं नाव निघालं होतं, ते तिथेच पुसलं. माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब खाली काढायचा ठराव झाला आणि त्याला चिंच लावून घासायचं काम, ज्याने ठराव मांडला त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मेव्हण्यांचा प्रश्न नाजूक होता. त्यांना झोपेत श्वास अडकतो, म्हणून ते रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप नावाचं यंत्र चालवतात. यंत्र चाळीस वॅटचं, आठ तासांचे ३२०. यादीत सगळ्यात मोठी नोंद ती. लेक म्हणाली, "मामा, एक रात्र नाही लावलं तर?" यावर मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं आमच्याकडे पाहिलं. यंत्राशिवाय मेव्हणे काय आवाज करतात हे ज्यांनी एका तंबूत ऐकलंय, त्यांना जास्त सांगावं लागत नाही. ३२० एकमताने मंजूर झाले.

बेरीज अशी आली: मेव्हणे ३२०, पंखा २४०, तीन दिवे चार तास १०८, पाच फोन ७५, लेकीचा लॅपटॉप दोन तास १२०, डास ५०, दोन वेळचा चहा २००. एकूण १११३. लेकीने टाळी वाजवली, "बसलं!" पण बॅटरीतली वीज घरच्या उपकरणांना थेट चालत नाही, मध्ये इन्व्हर्टर लागतो, आणि तो शंभरातले बारा-एक आपली दस्तुरी म्हणून ठेवून घेतो. शिवाय बॅटरी रोज तळ दिसेपर्यंत उपसायची नाही, वीस टक्के राखायचे, म्हणजे हाताशी १०२४. चहा कापला. उरले ९१३, दस्तुरी धरून १०३७. तेरा वॅट-अवर जास्त! मग मी दिवे आणि फोन इन्व्हर्टरवरून काढून थेट बारा व्होल्टवर घेतले. त्यांची दस्तुरी वाचली आणि एकूण झाले १०१३. एका सरळ वायरने घर सावरलं. त्या कागदाचा मला इतका आनंद झाला की बायकोने विचारलं, "पगारवाढ झालीय का?"

कागद खिशात घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात जी वस्तू कुठे मिळत नाही ती तपकीर गल्लीत मिळते, आणि तिच्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारचा दुकानदार देतो. मी ज्या दुकानात शिरलो तिथे काउंटरवर एक पेटी झाकण काढून ठेवली होती. आत निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार चौकोनी सेल खेटून उभे, त्यांच्या डोक्यांवरून गेलेल्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्या, आणि बाजूला एक हिरवा सर्किट बोर्ड, त्यातून पांढऱ्या बारीक वायरी निघून प्रत्येक सेलला चिकटलेल्या. हा बोर्ड म्हणजे बीएमएस. कुठला सेल जास्त भरला, कुठला जास्त रिकामा झाला, कुठे शॉर्ट झालं, कुठे तापलं, यावर त्याची नजर असते आणि वेळ आली की तो सरळ दार बंद करतो. शंभर अँपिअर-अवरच्या पेटीत पन्नास अँपिअरचा बीएमएस बसवून ती स्वस्तात विकणारेही असतात. पन्नास अँपिअर म्हणजे ६४० वॅट. मग साडेसातशेचा मिक्सर लावला की सगळीकडे अंधार, आणि दोष मिक्सरला.

"ए ग्रेड सेल आहेत साहेब," दुकानदार म्हणाला. त्याच्याकडे सगळं ए ग्रेडच होतं. तेव्हा मी पिशवीतून बॅगा तोलायचा काटा काढला, तोच तो विमानतळावर अब्रू राखणारा हुकाचा काटा, आणि बंद पेटीच्या पट्ट्यात अडकवून ती उचलली. असला शंभर अँपिअर-अवरचा एक सेल साधारण दोन किलोंचा. चारांचे झाले आठ, वर पेटी, बोर्ड, तारा. पेटी सहा-सात किलोंतच आटोपली तर आत शंभर नाहीत, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो. काटा बारा किलो साडेतीनशेवर थांबला. दुकानदार माझ्याकडे, कलिंगडवाला टिचक्या मारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो तसा पाहत होता. पण मग त्याने आपणहून खालच्या खणातली दुसरी एक पेटी वर काढली आणि म्हणाला, "हिचंही करा हो. कालच आलीय." ती सात किलो निघाली. त्याने ती गुपचूप मागे ठेवली. पुढचं बोलणं बरंच मोकळेपणाने झालं.

त्याने विकायला काढलेला मोठा मुद्दा होता सहा हजार सायकलींचा. एकदा भरली, एकदा उतरवली की एक सायकल. सहा हजार! रोज एक धरली तर सोळा वर्षं. आमचं जाणं आठवड्याच्या शेवटी, महिन्यातल्या चार रात्री धरल्या तरी सव्वाशे वर्षं. म्हणजे माझ्या पणतवंडांनीही तिच्यावर आपापली यंत्रं लावून झोपायला हरकत नाही. पण बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होतेच, नुसत्या दिवसांनी आणि उन्हाने. तेव्हा शनिवार-रविवारच्या माणसाने सायकली मोजण्यात अर्थ नाही. तीन हजारवाली आणि सहा हजारवाली, दोघी एकाच वयात थकणार. हे मी बोलून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळी गिऱ्हाइकं अशी आली तर दुकान बंद करावं लागेल," आणि तीन हजारवाली काढून दिली. वायर मात्र त्याने बजावून जाड दिली. बारा व्होल्टवर हजार वॅट ओढायचे तर ऐंशीच्या वर अँपिअर वाहतात. घरात प्लगला असते ती अडीचची वायर तिथे लावली तर आधी वायरच शेकोटी करेल. पंचवीस स्क्वेअरची वायर, दोन्ही टोकांना लग पंच करून, आणि बॅटरीच्या अगदी नाकाशी फ्यूज.

घरी आल्यावर काकांनी तिचा ताबा घेतला आणि खरी कटकट सुरू झाली. शिशाच्या बॅटरीचे संस्कार असे की ती सदैव भरलेली ठेवायची. रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरून ती वाया जाते. हिचं उलटं. वापरायची नसेल तेव्हा निम्मी भरून ठेवलेली हिला मानवते. काकांना निम्मी भरलेली कुठलीही वस्तू पाहवत नाही. मी ऑफिसला गेलो की ते चार्जर लावत, संध्याकाळी मी आलो की काढत. शिवाय ते मल्टिमीटर घेऊन तिचा व्होल्टेज पाहत आणि चक्रावत. शिशाची बॅटरी संपत आली की दिवा मंद होतो, पंखा सुस्तावतो, घरच्यांना आगाऊ वर्दी मिळते. ही सव्वातेरा व्होल्टच्या आसपास जी ठाण मांडते ती जवळजवळ रिकामी होईस्तोवर हलतच नाही. दिवा शेवटपर्यंत लख्ख, आणि मग बीएमएस दार लावतो. "हिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही," असा शेरा काकांनी मारला. किती आत गेली, किती बाहेर आली, हे मोजणारा शंट लावलेला मीटर मग घ्यावा लागला. आता काका रोज तो आकडा वहीत उतरवतात. बॅटरी बंद असली तरी.

पहिला प्रवास भंडारदऱ्याचा झाला. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, पाऊस सुरू व्हायच्या आगेमागे, तिथली झाडं काजव्यांनी लखलखतात आणि पुण्या-मुंबईहून गाड्यांची रीघ लागते. आम्ही तंबू ठोकला, तीन दिवे टांगले, पेटी मध्यभागी मांडली. अंधार पडल्यावर गावातला वाट दाखवणारा मुलगा आला आणि म्हणाला, "लाईट बंद करा सगळ्या. फोनच्याही." उजेड असला की काजव्यांचं बिनसतं, चमकून चमकून ते जोडीदार शोधत असतात, तिथे आपला एलईडी मध्ये आला की बिचाऱ्यांना काही सुचत नाही. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. त्यामुळे १२८० वॅट-अवर जवळ असलेलं आमचं कुटुंब दोन तास काळोखात बसलं. पलीकडच्या तंबूत एकांनी स्पीकर लावायला आमच्यापेक्षा मोठी पेटी आणली होती. त्यांना तो मुलगा तीनदा सांगून आला. चौथ्यांदा मेव्हणे गेले. काय बोलले कळलं नाही, पण स्पीकर बंद झाला.

पावसाळ्यात मात्र या विजेची गंमत संपते. खोलीच्या छपरावर दोनशे वॅटचं सोलर पॅनेल आहे. उन्हाळ्यात ते दिवसाला पाऊण युनिट आरामात देतं. आषाढात भोरच्या डोंगरात ढग उतरले की चार-चार दिवस उन्हाची तिरीप नाही. बॅटरी वीज करत नाही, ठेवते, ही गोष्ट नातेवाइकांना तेव्हा समजते. आम्ही मग पुण्याहून पेटी भरूनच नेतो. म्हणजे पंधरा रुपयांची वीज काही शेकड्यांचं पेट्रोल जाळून वरंध घाटाच्या अलीकडे पोचवतो. अर्थशास्त्र शिकलेली लेक डोळे मिटून घेते.

गेल्या जुलैत असेच गेलो होतो. वादळात वस्तीवरच्या तारांवर झाड पडलं होतं आणि खाली सगळीकडे काळोख. आमच्या खिडकीत दिवा दिसल्यावर एकेक जण फोन घेऊन यायला लागला. डझनभर फोन जमले. डझनभर फोन म्हणजे १८० वॅट-अवर, पंख्याची एक रात्रसुद्धा नाही, आणि थंडीत पंखा हवा होता कुणाला? काका वहीत प्रत्येकाच्या फोनची नोंद करत बसले. मग खालच्या घरच्या मावशी आल्या. त्यांनी फोन आणला नव्हता. पेटीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "यावर घरघंटी चालंल का हो? पीठ सरलंय."

मी समजावायला बसलो. घरघंटीची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. तेवढ्याने अडलं नसतं, पण मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला चार-पाच पट ओढते, तेवढं आमचा इन्व्हर्टर देत नाही, आणि त्याने दिलंच तर बीएमएस दार लावेल. तासभर दळलं तर पाऊण युनिट जाईल ते वेगळंच. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग मोठी का न्हाई घेतली?"

काकांनी वहीतून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं. चोवीस व्होल्ट, दोनशे अँपिअर-अवर, तीन केव्हीएचा इन्व्हर्टर, असं मी मनाशी जुळवत होतो, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "किती पीठ हवंय गं? आमच्या डब्यातलं ने की."

मावशींनी डब्याचं झाकण काढलं, चिमटीत पीठ घेऊन बोटांवर चोळून पाहिलं.

"हे गव्हाचं हाय," त्या म्हणाल्या. "भाकरीचं न्हाई का?"